‘पगार योग्यतेनुसार’ म्हणजे नक्की किती?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की, माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःची जाहिरात परक्याच्या डोळ्यांनी वाचावी. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला सोसायटीची भांडणं आणि बँकेच्या तक्रारी बाजूला ठेवल्यात. सगळा स्तंभ ‘पाहिजेत’ला.

नवीन वाचकांसाठी सांगते. भोसरीतल्या एका कारखान्यात मी 24 वर्षं पर्सोनेल खात्यात होते. मध्येच खात्याचं नाव एचआर झालं, टेबल तेच राहिलं. मी लिहिलेली पहिली जाहिरात 1993 ची. वर्तमानपत्रात शब्दावर पैसे पडायचे, म्हणून साहेब लाल पेन घेऊन बसायचे. माझ्या बारा ओळींच्या अखेर दोन उरल्या: ‘दोन अनुभवी फिटर पाहिजेत. पगार योग्यतेनुसार. गुरुवारी सकाळी 9 वाजता मूळ कागदपत्रांसह भेटावे.’ भोसरीत गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी! मी नवी, पेठेतून आलेली, माझ्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार. साहेबांनी शब्द कापले, वार काही वाचला नाही. गुरुवारी कुलूपबंद गेटवर चाळीसेक माणसं जमली. वॉचमनमामा शहाणे. त्यांनी प्रत्येकाला टपरीवरचा चहा पाजला आणि वहीच्या पानावर लिहून घेतलं: कुठून आला, काय काम येतं, आत्ता किती मिळतात, कधीपासून येशील. दोन्ही फिटर त्या पानावरूनच मिळाले.

आता ॲपवर शब्दांना पैसे पडत नाहीत. तरी आपण कापतो ते नेमकं मामांनी विचारलेलंच, आणि वाचलेल्या जागेत ‘नामांकित’, ‘डायनॅमिक’ वगैरे भरतो.

सातपूर, नाशिकहून एक उद्योजक लिहितात:

*ताई, सप्रेम नमस्कार. एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. 22 माणसं, तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापणारी) मशीन. दोन माणसं हवी आहेत. तीन महिन्यांत तीन ॲपवर जाहिरात टाकली. 187 अर्ज आले. फोन केले तर निम्मे उचलत नाहीत. नऊ जण भेटायला आले, एक रुजू झाला, तो चौथ्या दिवशी डबा घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही. हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत, असं माझं मत झालं आहे. जाहिरात सोबत जोडतो.*

मुलांकडे नंतर बघू. आधी तुमची जाहिरात बाकीच्या वाचकांनाही दाखवते:

*‘नामांकित कंपनीसाठी त्वरित पाहिजेत! डायनॅमिक व सेल्फ-मोटिव्हेटेड व्हीएमसी इंजिनिअर/ऑपरेटर/प्रोग्रामर. अनुभव 0 ते 10 वर्षे. फक्त पुरुष, वय 18 ते 28. दबावाखाली काम करण्याची तयारी हवी. पगार बाजारात सर्वोत्तम. बायोडाटा, आधार, पॅन, फोटो व्हॉट्सॲप करा.’*

हे वाचून मी तुम्हाला फोन केला होता, आठवतंय ना? मी विचारलं, प्रोग्रामिंग कोण करतं? तुम्ही म्हणालात, मीच करतो, रात्री घरी बसून. सेटिंग कोण करतं? जुने मिस्त्री आहेत, ते. मग नवा माणूस काय करणार? तेव्हा कुठे निघालं: जॉब लावणार, सायकल स्टार्ट देणार, नग मोजणार, टूल झिजलं की तेवढा मापाचा फरक मशीनला भरणार (त्याला ऑफसेट देणं म्हणतात), कानस घेऊन बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस काढणार. म्हणजे हवाय ऑपरेटर. प्रोग्रामरही नको आणि इंजिनिअर तर नकोच. चार दिवसांत गेलेला मुलगा डिप्लोमावाला होता, हेही तुम्हीच सांगितलंत. तो प्रोग्रामिंग शिकायला मिळेल म्हणून आला आणि त्याच्या हातात कानस आली. तो कष्टाला भ्याला नाही हो. त्याला वेगळंच काम सांगून बोलावलं होतं.

तिरक्या रेषा मारून तीन पदं एकत्र लिहिली की जास्त माणसं येतील असं वाटतं. येतातच, पण चुकीची. आणि जो खरा ऑपरेटर आहे तो रात्री पाळी सुटल्यावर फोनवर काय टाईप करतो? ‘व्हीएमसी ऑपरेटर सातपूर’. एवढंच. मग पदाच्या रकान्यात तेवढंच लिहा. तिथे ‘त्वरित’, ‘सुवर्णसंधी’, उद्गारचिन्हं, फोन नंबर काही कोंबू नका. यादीत आधी दिसतं ते पद, ठिकाण आणि पगार. बाकीचं उघडलं तर.

‘नामांकित कंपनी’. नामांकित आहात तर नाव कुठाय? निनावी जाहिरात दिसली की मुलांना पहिला संशय एजंटचा येतो, दुसरा फसवणुकीचा. नाव लिहा, शेजारची खूण लिहा. तुमच्याकडे पपया नर्सरी म्हटलं की रिक्षावालाही आणून सोडतो.

‘0 ते 10 वर्षे’ म्हणजे आमचं काही ठरलेलं नाही. दहा वर्षंवाल्याला शून्यवाल्याचा पगार मिळेल अशी भीती, शून्यवाल्याला वाटतं आपला नंबर लागणारच नाही. तुम्हाला आयटीआय झालेला, वर्ष-दोन वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस चालतो. तसं लिहा.

‘दबावाखाली काम’ हे कुणी आणलं कुणास ठाऊक. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, महिनाअखेर डिस्पॅच असतो तेव्हा चार-पाच दिवस जास्त थांबावं लागतं. मग तेच लिहा ना! ओव्हरटाइमला दुप्पट दर 1948 च्या कारखाना कायद्यात होता, नव्या कामगार संहितेतही आहे आणि तुम्ही तो देताही. जी गोष्ट मिरवायची ती तुम्ही धमकीसारखी लिहिली आहे.

आता पगार. पुष्कळ मालक इथेच अडतात. आकडा लिहिला तर जुनी माणसं कुरकुर करतील, शेजारचा वर्कशॉपवाला पाचशे जास्त देऊन माणूस पळवेल, घासाघीस करता येणार नाही. पहिल्या भीतीत तथ्य आहे. जुन्याला नव्यापेक्षा कमी मिळत असेल तर जाहिरातीने फक्त ते उघडं पडतं, म्हणून आधी तेच नीट करा. बाकीच्या दोन्ही भीती फुकट. शेजाऱ्याला तुमचा पगार माहीतच आहे, दुपारच्या डब्याला सगळी माणसं एकाच टपरीवर बसतात.

आणि लिहिताना हातात येणारा आकडा लिहा. तुम्ही एकूण 20,000 म्हणालात, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता 14,000. पीएफ 12 टक्क्यांनी 1,680. ईएसआय म्हणजे कामगार विमा पाऊण टक्का, एकूण पगारावर 150. व्यवसाय कर 200. कपात झाली 2,030. हातात 17,970. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा शंभर कमी. हे तुम्हाला पाठ आहे, पण ज्याने ‘20,000’ ऐकून घरी सांगितलं त्याला पहिल्या महिन्यात दोन हजार कमी दिसले की तो म्हणणार, फसवलं. बायकोसमोर तोंड त्याला द्यायचं असतं, तुम्हाला नाही. माझी जुनी खूणगाठ सांगते: जाहिरात वाचून माणसाला घरच्यांच्या चार प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. किती मिळणार? किती वाजता जायचं? कुठे आहे? सुट्टी कधी? ती येत नसतील तर जाहिरात अर्धी आहे.

आधार, पॅन पहिल्याच मेसेजला मागू नका. अजून त्याने तुमचं तोंड पाहिलं नाही. कागद रुजू होताना बघा. ते 187 जणांचे आधार कार्ड तुमच्या फोनच्या गॅलरीत नातवाच्या फोटोंशेजारी पडलेत, ते आज काढून टाका. 2023 चा डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी परक्याचे कागद असे सांभाळणं बरं नव्हे.

‘फक्त पुरुष’वर पुढच्या पत्रात बोलते, कारण तिथे प्रकरण याहून पुढे गेलंय.

तर आपण दोघांनी मिळून केलेली जाहिरात ही अशी:

*व्हीएमसी ऑपरेटर, सातपूर एमआयडीसी, नाशिक. 2 जागा.*

*काम: ॲल्युमिनियम आणि माइल्ड स्टीलचे छोटे पार्ट. फानुक कंट्रोल. जॉब लावणं, ऑफसेट देणं, दर दहा नगांमागे एक व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहिणं, बर काढणं. प्रोग्रामिंग करावं लागणार नाही. सेटिंग शिकायचं असेल तर आमचे मिस्त्री शिकवतील.*

*कोण चालेल: आयटीआय टर्नर, मशिनिस्ट किंवा फिटर आणि कुठल्याही व्हीएमसीवर एक वर्ष काम. आयटीआय नसेल पण तीन वर्षं मशीनवर काढली असतील तरी या. स्त्री-पुरुष कुणीही.*

*पगार: एकूण 20,000, कपात होऊन हातात सुमारे 17,950. पीएफ, ईएसआय पहिल्या दिवसापासून. पगार दर महिन्याच्या 7 तारखेला बँकेत. दिवाळीला बोनस.*

*वेळ: एक आठवडा सकाळी 7 ते 3.30, पुढचा दुपारी 3.30 ते रात्री 12. महिनाअखेर चार-पाच दिवस दोन तास जादा, दुप्पट दराने. सुट्टी शनिवार.*

*ठिकाण: पपया नर्सरीपासून चालत दहा मिनिटं. गाडी लावायला आत जागा आहे. दुसऱ्या पाळीला रात्री आयटीआय सिग्नलपर्यंत टेम्पो सोडतो.*

*व्हॉट्सॲपवर फक्त तीन गोष्टी लिहा: नाव, राहता कुठे, आतापर्यंत कुठल्या कंट्रोलवर काम केलंय. दोन दिवसांत आम्ही फोन करू. कुठलेही पैसे मागितले जात नाहीत.*

‘कुठल्या कंट्रोलवर’, म्हणजे मशीन चालवणारा संगणक कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न मुद्दाम घातलाय. ज्याने मशीन पाहिलं आहे तो एका शब्दात उत्तर देतो, फानुक, सीमेन्स, जे असेल ते. ज्याने आल्या जाहिरातीला अंगठा दाबला आहे तो तिथेच गळतो. रात्रीच्या टेम्पोची गोष्ट तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितलीत, ‘ते काय लिहायचं’ म्हणून. बारा वाजता सातपूरहून घरी कसं जायचं हा ज्याच्यासमोर प्रश्न आहे, त्याच्यासाठी सगळ्या जाहिरातीत तीच ओळ महत्त्वाची.

टाकायची कुठे? पैसे भरून वरच्या नंबरावर आणण्याआधी राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदवा. दोन्हीकडे मालकाला खर्च नाही. केंद्राचं पोर्टल 2015 पासून आहे तरी निम्म्या कारखानदारांना ठाऊक नाही. मग एखादं रोजच्या कामगारांचं ॲप. लिंक्डइनवर ऑपरेटर शोधू नका. आणि सातपूरला राहून आयटीआयच्या प्लेसमेंटच्या सरांना तुम्ही कधी भेटला नाहीत, याला काय म्हणावं!

ताजा कलम: जाहिरात टाकून दहा दिवस झाले. 31 अर्ज, त्यांतल्या 14 जणांनी कंट्रोलचं नाव लिहिलं, सहा आले, परवा एक रुजू झाला. दुसरी जागा अजून रिकामी आहे. जादू होत नाही.

सांगलीहून एक दंतवैद्य लिहितात:

*नमस्कार ताई. क्लिनिकसाठी ‘आकर्षक व्यक्तिमत्त्वाची, अविवाहित, 25 वर्षांखालील स्वागतिका पाहिजे’ अशी जाहिरात दिली. ॲपवाल्यांनी ती काढून टाकली. वेळ सकाळी 10 ते 1.30 आणि संध्याकाळी 5 ते 9. वर्षभरात चार मुली सोडून गेल्या. लग्न ठरलं की जातात, म्हणून मी अविवाहितच्या ऐवजी ‘तीन वर्षे लग्न न करणारी’ असं लिहावं का?*

डॉक्टर, नको. एकदम नको.

भरती करताना स्त्री-पुरुष भेद करू नये, हे 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. लग्नाची अट घालणं तर माणुसकीलाही धरून नाही. पेशंटची दाढ ठणकत असते तेव्हा काउंटरवरच्या माणसाचं रूप तो बघत नाही, आपला नंबर कधी हे बघतो.

आपल्या मराठीची यात एक अडचण आहे, ती मान्य करते. इंग्रजीत रिसेप्शनिस्ट म्हटलं की भागतं. आपल्याकडे ‘स्वागतिका’ म्हटलं की बाई ठरली, ‘शिपाई असावा’ म्हटलं की पुरुष ठरला. क्रियापदच चुगली करतं. त्यावर साधा उपाय: माणसाचं वर्णन सोडून कामाचं करा. ‘फोनवर मराठीत आणि थोडं हिंदीत बोलता यायला हवं. अपॉइंटमेंटची वही आणि कंप्युटर दोन्ही सांभाळता यायला हवेत. लहान मुलं रडतात, त्यांच्याशी गोड बोलता आलं पाहिजे.’ यात असावा-असावी कुठेच येत नाही. ‘होतकरू’, ‘निर्व्यसनी’, ‘गरजू’ हे शब्दही जाऊ द्या. गरजू असलाच तर तो चव्हाट्यावर कशाला सांगेल?

पण खरं दुखणं जाहिरातीत नाहीच. तुमच्या वेळेत आहे. समजा मुलगी मिरजेची आहे. सकाळी साडेनवाला निघाली, दीडला सुटली. आता दीड ते पाच तिने काय करायचं? घरी जायचं तर चार वेळा बसचं भाडं. थांबायचं तर कुठे, क्लिनिकला तर तुम्ही कुलूप लावता. रात्री नऊला सुटून घरी पोचेपर्यंत दहा. साडेसात तासांच्या पगारात तिचा साडेबारा तासांचा दिवस गेला. चौघी लग्नामुळे गेल्या असं तुम्ही म्हणता. मला वाटतं निदान दोघींनी ते कारण सांगणं सोपं म्हणून सांगितलं.

जागा दोन करून बघा. सकाळची एक, संध्याकाळची एक. सकाळच्या साडेतीन तासांना मुलं शाळेत गेलेल्या, पोक्त, जबाबदार बायका मिळतील. त्यांची लग्नं झालेली असतात, तुमची तीही काळजी मिटली. संध्याकाळी कॉलेज करणारं कुणी. जाहिरातीत ठळक लिहा: ‘फक्त सकाळी. 10 ते 1.30.’

कोल्हापूरहून मसाले आणि कांदा-लसूण चटणीच्या उत्पादक लिहितात:

*ताई, अकाउंटंट पाहिजे. भाच्याने एआयकडून जाहिरात लिहून घेतली. दिसायला झकास आहे, पण एकही फोन आला नाही. पहिली ओळ पाठवते: ‘तुम्ही उत्कटतेने भारलेले, निकालाभिमुख वित्त व्यावसायिक आहात का? आमच्या वेगाने वाढणाऱ्या परिवाराचा भाग बना!’*

वाचून मला वाटलं चटणी अमेरिकेतून येते.

भाच्याला रागवू नका. त्याने यंत्राला सांगितलं ‘अकाउंटंटची जाहिरात लिही’, यंत्राने सगळ्या जगातल्या अकाउंटंटची लिहून दिली. तुमच्या दुकानाबद्दल त्याला कोण सांगणार? तुम्ही बोला, त्याला लिहून घेऊ द्या, मग शुद्धलेखन यंत्राकडून तपासा. तेवढ्याला ते चांगलं आहे.

अकाउंटंट लोक जाहिरातीत काय शोधतात सांगू? टॅली आहे की एक्सेल. बिलं किती. रिटर्न स्वतः भरायचे की सीएकडे पाठवायचे. आधीची घाण किती महिन्यांची आहे. शेवटचं कुणी लिहीत नाही, आणि रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी समोर पोतं येतं. तुम्ही पत्रात कबूल केलं आहे की एप्रिलपासूनची खरेदीची बिलं पिशवीत पडून आहेत. जाहिरातीत लिहा! ‘सहा महिन्यांच्या नोंदी बाकी आहेत. त्या पूर्ण केल्यावर वेगळे 8,000 देऊ.’ हे तुमचं तुम्ही बघा, आकडा माझा आहे. पण ज्याला असं काम निपटायची हौस आहे तो हे वाचून येतो, आणि ज्याला नाही तो आठ दिवस तुमचा वेळ घालवत नाही.

आणखी एक ओळ: ‘दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेआधी दोन दिवस उशीर होतो, एरवी सहाला घरी.’ जीएसटीआर-1 आणि 3बी या जीएसटीच्या रिटर्नच्या तारखा आहेत त्या. जाणणाऱ्याला लगेच कळेल की इथे कामाची जाण असलेलं माणूस बसलंय.

न्यू जर्सीहून एक वाचक:

*ताई, आई कोथरूडला एकटी असते, वय 81. 24 तास राहणारी बाई हवी म्हणून फेसबुकवरच्या पुणेकरांच्या दोन ग्रुपमध्ये सगळं सविस्तर लिहून टाकलं: वय, पत्ता, मी परदेशात असतो, आईला ऐकू कमी येतं. तुम्ही म्हणता तसं काहीच लपवलं नाही. पण मैत्रीण म्हणाली पोस्ट काढ. का?*

कारण मैत्रिणीला अक्कल आहे. हे वाचायच्या आधी पोस्ट काढा.

मी कामाबद्दल काही लपवू नका म्हणते, घराबद्दल नव्हे. वृद्ध बाई, एकटी, ऐकू कमी येतं, मुलगा सातासमुद्रापार आणि वर पत्ता. ही जाहिरात चोरासाठी लिहिल्यासारखी आहे. ‘कोथरूड परिसर’ एवढं पुरे. संपर्काला पुण्यातल्या नातेवाइकाचा नंबर द्या, पहिली भेट त्यांच्या घरी किंवा सोसायटीच्या ऑफिसात, आणि रुजू होण्याआधी पोलीस पडताळणी. यात भिडस्तपणा नको.

कामाबद्दल मात्र एक ना एक लिहा. आजी स्वतः चालतात की धरावं लागतं. डायपर बदलायचा आहे का. रात्री किती वेळा उठतात. साखर तपासून लिहून ठेवायची आहे का. फक्त आजींचा स्वयंपाक की येणाऱ्या-जाणाऱ्यांचाही. झाडूपोछ्याला वेगळी बाई आहे का, कारण सर्वांत जास्त भांडणं याच्यावरून होतात. झोपायला वेगळी खोली की हॉलमध्ये. महिन्यात किती दिवस सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण. ‘24 तास’ लिहिलं की कामाला येणाऱ्या मावशी त्याचा अर्थ ‘झोप नाही’ असा घेतात, आणि पुष्कळ घरांत तो खराही असतो. रात्रीची आठ तास झोप देणार असाल तर तसं लिहा. नसाल देणार तर एकीच्या जागी दोघी, बारा-बारा तासांच्या. पैसे जास्त लागतील. लागतीलच.

लातूरचा, सध्या पुण्यात हॉस्टेलवर राहणारा एक पदवीधर:

*मावशी, ‘डेटा एंट्री, घरबसल्या 35,000, अनुभव नको’ अशी जाहिरात होती. 1,500 रुपये रजिस्ट्रेशन भरलं. आता लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून 6,000 मागतायत. भरू का?*

नाही. एक रुपया नाही. 1930 वर आत्ता फोन कर, सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. स्क्रीनशॉट जपून ठेव, त्यांचा नंबर ब्लॉक करायची घाई करू नको. आणि बाळा, घरी सांग. दीड हजार गेल्याची लाज त्यांनी बाळगायची, तू नाही.

मालकांनो, तुमच्या जाहिरातीत ‘पैसे मागितले जात नाहीत’ ही ओळ का असावी, ते या पत्रात आहे.

वाईहून एक बेकरीवाले:

*ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे पगार, वेळ (पहाटे 4 ते 12) सगळं लिहून जाहिरात टाकली. भट्टीवर माणूस मिळाला, महिना झाला, टिकला आहे. पण फोन थांबत नाहीत! पहाटे पिठात हात असतो आणि खिशात फोन वाजतो. काय करू?*

जागा भरली त्या दिवशीच जाहिरात बंद करायची असते. ॲपवर बटण असतं, ते दाबा. ‘राहू दे, पुढे लागतील’ म्हणून ठेवू नका. रोज कुणीतरी आशेने फोन करतो आणि तुम्ही पिठाच्या हाताने त्याच्यावर खेकसता, हे तुम्हीच लिहिलंय. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आलेल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर लावता येतं: ‘भट्टीची जागा भरली आहे. विचारल्याबद्दल आभार. पुढे जागा निघाली तर याच नंबरावरून कळवू.’ ज्यांना भेटायला बोलावून मग घेतलं नाही त्यांना मात्र स्वतः फोन करा. किती आहेत, तीन-चार? दुपारी बेकरी बंद असते तेव्हा होईल.

आणि भावजयीला सांगा. तिच्या स्टेटसवर अजून ‘भट्टी कामगार पाहिजे’ आहे, काल मी पाहिलं.